सिल्वासात बसून बघितलेली गल्ली

पोरीला इंग्लंडातलं घर मी निवडून दिलं, असं मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगते. साफ खोटं आहे. घर तिनं निवडलं, आणि तेही माझं न ऐकता. पण शेजारणींना एवढं खोलात कोण सांगत बसतंय?

पोरगी नर्स आहे. शिकली इथंच. आधी सिल्वासात, मग वापीत दवाखान्यात नोकरी केली, ड्यूटीवरून आली की पुस्तकं घेऊन बसायची, आणि अशा परीक्षा देत देत तिकडच्या सरकारी दवाखान्यात लागली. लग्न केलेलं नाही. विचारलं की 'बघू' म्हणते. आता आम्हीही 'बघू'च म्हणायला लागलोय. त्या शहराचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. नवरा म्हणतो, तू नुसतं 'तिकडं' म्हण, लोकांना कळतं.

तिकडं गेल्यावर पहिले तीन महिने राहायची सोय दवाखान्यानंच केली होती. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंनी दारं, प्रत्येक दारामागं एक नर्स. फोटो बघून मी निर्धास्त झाले होते. चला, पोरींचं हॉस्टेल आहे, एकमेकींना बघतील. आणि मग एके दिवशी बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की मागच्या आठवड्यात तिला सडकून ताप भरला होता, पोटात काही ठरत नव्हतं, आणि सुट्टीचे दोन्ही दिवस ती खोलीत एकटी पडून होती.

"मग कोणी आलं नाही?"

"कोणाला माहीतच नव्हतं मम्मी. सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या."

"दार पण नाही वाजवलं कोणी?"

"इथं असं कोणाचं दार नाही वाजवत."

माय वो! दवाखान्याच्या आवारात, दहा नर्सांच्या मधोमध, माझी नर्स पोरगी तापानं फणफणलेली आणि तोंडात घोटभर चहा घालायला कोणी नाही. मला त्या दिवशी काही सुचेना. भाजी करपली, ती तशीच वाढली, आणि नवऱ्यानंही मुकाट्यानं खाल्ली. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं. तीन महिने संपले की ही पोरगी अशा ठिकाणी राहायला गेली पाहिजे, जिथं दिवसभर तिचं दार उघडलं नाही तर कोणीतरी येऊन ते वाजवेल. घर जुनं असू दे, लहान असू दे, लांब असू दे. दार वाजवणारं माणूस पाहिजे, बस.

आणि वस्ती पारखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी तोंडावर सांगते.

आम्ही धुळे जिल्ह्यातले. नवऱ्याला खडोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत फिटरची नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन इथं आलो. पहिली खोली त्यानं एकट्यानं बघितली होती. काय बघितलं? तर कंपनी किती जवळ! तिथं एक वर्ष काढलं, पण शेजारी कोण राहतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी कुलूप, रात्री कुलूप. दुसरी खोली शोधायची वेळ आली तेव्हा नंदुरबारकडची एक वयस्कर बाई भेटली. ती म्हणाली, "खोली नंतर बघ बाई. आधी शेजारच्या दारात पाणी माग."

आमच्याकडच्या लोकांची ही रीतच आहे इथं. कंपनीत नवीन माणूस आला, खोली शोधायला लागला, की जुने हेच सांगतात. पाणी मागितलं की माणूस आत जातं, तेवढ्यात उघड्या दारातून घर दिसतं. पेला काठोकाठ भरून आला तर नळाला पाणी आहे. अर्धा आला तर टँकरची वाट बघणारी वस्ती आहे. आणि तुम्ही पाणी पीत असताना त्या माणसानं 'कुठले तुम्ही? किती जण? कंपनी कोणती?' असं विचारलं, तर डोळे झाकून तिथं राहायला जावं. काहीच विचारलं नाही, तर पेला परत द्यावा आणि पुढं निघावं. किलवणीच्या रस्त्याकडचं आमचं आत्ताचं घर मी असंच घेतलं. समोरच्या बाईनं पाणी देताना एवढे प्रश्न विचारले होते, की माझं माहेरचं आडनाव, नवऱ्याचा पगार आणि मला कोणती डाळ आवडते, सगळं तिला उभ्या उभ्या कळलं. त्याच बाईनं पुढं माझ्या पोरीच्या कांजिण्यांत मला रात्र रात्र सोबत केली. मग माझा त्या प्रश्नांवर विश्वास बसणार नाही तर काय!

तर पोरीनं तीन ठिकाणं काढली आणि आम्हाला मोबाइलवर त्यांचे नकाशे पाठवले. नकाशावर बोट ठेवलं की रस्त्याचे फोटो येतात, आणि बोटानं पुढं पुढं सरकत रस्त्यानं चालल्यासारखं जाता येतं. मी आणि नवरा संध्याकाळी चहा घेऊन त्या रस्त्यांवरून फिरायला लागलो.

"अहो, एक माणूस दिसत नाही. कर्फ्यू लागलाय का काय?"

"कामावर गेली असतील."

"आणि बायका?"

"त्याही जातात ना."

"मग म्हातारे कुठं गेले? ओट्यावर कोणी नाही. अहो, ओटेच नाहीत! एक कुत्रं पण नाही हो."

"तू सिल्वासात बसून इंग्लंडात भाडेकरू ठेवतेस," नवरा म्हणाला. तो शांत माणूस आहे. त्याचं शांत असणं कधी कधी माझ्या डोक्यात जातं.

मी पोरीला फोन करून सांगून टाकलं, फोटोंवर काही कळत नाही. तिन्ही ठिकाणी जा आणि पाणी माग.

"मम्मी! वेडी झालीस का? इथं अनोळखी दारात जाऊन पाणी मागायचं? लोक पोलिसांना बोलावतील."

"पाणी मागितलं म्हणून जगात कोणाला पकडत नाहीत."

"मला लाज वाटते."

"मग तापात एकटी पडून राहताना नाही वाटली?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले, आणि त्यानं काम झालं.  ती म्हणाली, "ठीक आहे. पण फोन खिशात चालू ठेवते. तू ऐक, आणि मध्ये बोलू नकोस."

रविवार होता. तिकडंही त्या दिवशी बरंच ऊन पडलं होतं, म्हणजे तहानेचं सोंग आणायला नको होतं. इथं मी आणि नवरा टेबलावर फोन ठेवून त्याच्याभोवती बसलो. पंखा बंद केला, आवाज येऊ नये म्हणून.

पहिलं ठिकाण दवाखान्याच्या शेजारचं, उंच नवी इमारत. नवऱ्याला हेच पसंत होतं. जवळ ना! पोरीनं घंटी वाजवली. दाराला कॅमेरा होता, त्यातूनच आवाज आला, की सामान असेल तर खाली ठेवून जा. ती म्हणाली, सामान नाही, मला फक्त थोडं पाणी मिळेल का? आवाज बंद झाला. दार उघडलं नाही ते नाहीच.

"कट," मी म्हटलं. नवऱ्यानंही मान हलवली.

दुसरं ठिकाण माझ्या मनातलं होतं. त्या शहरात एक मोठा रस्ता आहे, साड्यांची दुकानं, फरसाण, मंदिर, सगळी गुजराती वस्ती. पोरगी सिल्वासात वाढलेली, गुजराती मराठीइतकंच सफाईनं बोलते. एका बेननं दार उघडलं आणि पाणी आणलं. स्टीलच्या पेल्याचा तो आवाज मला फोनमधून ओळखू आला. आणि मग सुरू झालं! गाव कयुं? सिल्वासा? अरे, मारी मासी वापीमां! शिकलीस किती? लग्न? का नाही? रात्रपाळी असते? मग रात्री येणार कधी? कोण सोडतं? आईवडील बरे तुला एकटीला पाठवतात! माझा एक भाचा आहे...

मी इथं टेबलावर हात आपटला. "हेच! हेच घर! बघा, पाच मिनिटांत आपली माणसं झाली की नाही?"

बेन खरंच चांगली होती. पोरीला पाण्यावर चहा दिला, वर खाखरे दिले. वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं मिळणार होती, ती दाखवली. मी मनात मांडे खायला लागले, बाई आजारपणात कढी करून देईल, उपासाला साबुदाणा देईल. पोरगी बाहेर पडली, थोडं पुढं जाऊन तिनं खिशातून फोन काढला आणि म्हणाली, "नाही."

"का नाही? सोन्यासारखी बाई आहे!"

"बाई छान आहे मम्मी. पण मी चोवीस तास पेशंटच्या नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. घरी येताना जिन्यात पुन्हा उत्तरं द्यायची? उशीर का झाला, कोण आलं होतं, भाच्याचं काय ठरवलंस? आपल्या गल्लीत मी हेच केलं ना गं आयुष्यभर. वापीहून उशिरा आले की सगळे ओट्यावरून बघायचे."

"बघायचे म्हणजे काळजीनं बघायचे!"

"काळजीनंच. पण किती?"

मी आवाज चढवला. नवऱ्यानं फोन माझ्यापुढून स्वतःकडं ओढला आणि म्हणाला, "बेटा, तिसरं बघून घे."

तिसरं ठिकाण चढावर होतं. जुनी, लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली छोटी घरं. खाली एक खोली, वर एक खोली, पुढं हातभर बाग. जे घर रिकामं होतं त्याच्या शेजारच्या घरातली एक म्हातारी बागेत कात्रीनं फांद्या कापत होती, असं पोरीनं हळू आवाजात सांगितलं. मग पाणी मागितल्याचं ऐकू आलं. मग शांतता. बराच वेळ शांतता. नंतर कळलं, की बाईनं चहाच्या मोठ्या मगात नळाचं पाणी आणून दिलं, पोरगी पिईपर्यंत बाजूला उभी राहिली, मग हातातून घेतला आणि म्हणाली, "पायरी जपून, सैल आहे." आणि आत गेली.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"नाव नाही विचारलं? कुठली, काय करतेस, घर बघायला आलीस का, काही नाही?"

"काही नाही. मम्मी, मला हे घर आवडलं."

माझा पारा असा चढला! तहानलेल्या पोरीला पाणी देते आणि तोंडातून एक शब्द विचारत नाही, ती बाई उद्या दार वाजवेल? ती भिंतीपलीकडं मेलेल्या माणसालाही पायरी जपून म्हणेल. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. पोरगी ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "राहणार मी आहे ना?"

"राहा मग. तुझं तू बघ," असं म्हणून मी फोन ठेवला. पुढचे आठ-दहा दिवस मी तिच्याशी फक्त 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलले. सामान हलवलं, 'बरं'. पडदे लावले, 'हं'. नवरा मात्र रोज खोदून खोदून विचारायचा, पायरी दुरुस्त केली का, खिडकीतून काय दिसतं, आणि मी स्वयंपाकघरातून कान देऊन सगळं ऐकायची. मग एके दिवशी तिनंच माझ्याकडून शेवभाजीचा रस्सा कसा करायचा ते विचारलं, आणि रस्सा सांगताना 'हं, बरं'वर भागत नाही. बोलणं सुरू झालं.

पण जीव टांगणीलाच होता. मी रोज विचारायचे, शेजारीण काय म्हणते? पोरगी म्हणायची, दिसली की हात करते. अजून नाव विचारलं नाही? नाही. मीच माझं नाव सांगितलं, तर 'छान आहे' म्हणाली. झालं! मी नवऱ्याला म्हणायचे, भिंतीला तोंड रंगवलं तर ते जास्त बोलेल.

तेव्हापासून आमचा एक नियम झाला. ती उठली की मला मेसेज टाकायची, 'उठले'. आमच्याकडं तोवर दुपार व्हायला आलेली असते. मी पोळ्या लाटता लाटता तो बघायची आणि मगच ताट घ्यायची.

दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी मेसेज आला नाही. एक वाजला. म्हटलं सुट्टी आहे, झोपली असेल. दीड वाजता फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. नवरा कंपनीत, त्याला लावला तर तो म्हणाला, "फोन सायलेंटवर असेल, घाबरू नको," पण त्याचाही आवाज बदलला होता. स्वयंपाक झाकून ठेवलेला. मी घरातल्या घरात फेऱ्या घालत होते. डोळ्यांपुढं तो लांबलचक व्हरांडा, ती बंद दारं. आता तर व्हरांडाही नाही, नुसती भिंत आणि तिच्यापलीकडं न बोलणारी बाई. किती फोन केले ते मला आठवत नाही. बोट आपोआप पुन्हा पुन्हा तेच दाबत होतं. देवाला काय काय बोलले तेही आठवत नाही, पण चांगलं काही बोलले नसणार.

आणि अडीचच्या सुमाराला व्हिडिओ कॉल उचलला गेला. पडद्यावर पोरगी नव्हती. पांढऱ्या केसांची, चष्मा घातलेली एक म्हातारी फार जवळून माझ्याकडं बघत होती. 

"तुम्ही मम्मी का?" तिनं विचारलं. फोनवर तेच नाव येत होतं ना.

मी मान हलवली. इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं, पण तोंडातून निघत नाही. तिनं ओळखलं बहुतेक, कारण ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. ताप आहे. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय. गोळी दिलीय. आता झोपलीय. बघा. आणि तिनं फोन फिरवला. पोरगी पांघरुणात गुरफटून कुशीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायची तशीच. कपाळावर ओली घडी. जवळ स्टुलावर पाण्याचा जग आणि सूपची वाटी, अर्धी संपलेली.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी मटकन खालीच बसले.

नंतर, बरी झाल्यावर, पोरीनं सगळं सांगितलं. तिकडं कचऱ्याचे चाकं लावलेले मोठे डबे असतात, आठवड्यातून एका सकाळी गाडी येते, त्याच्या आदल्या संध्याकाळी डबा रस्त्याच्या कडेला काढून ठेवायचा. ही स्वतःचा काढायची आणि म्हातारीचाही काढायची. त्या मंगळवारी दोन्ही डबे आतच होते. बाईनं दोन्ही स्वतः बाहेर ओढले. मग वर बघितलं, पडदा बंद. भिंतीतून रात्रभर खोकला ऐकू आला होता. मग तिनं दार वाजवलं. पोरगी उठेना. ती वाजवतच राहिली, कात्रीच्या मुठीनं वाजवलं, दारातल्या पत्र टाकायच्या फटीतून हाका मारल्या. हाका मारल्या त्या नावानं, एकदाच ऐकलेल्या आणि अगदी बरोबर उच्चारलेल्या नावानं. शेवटी पोरगी भिंत धरत धरत खाली उतरली आणि तिनं कडी काढली.

म्हणजे सुट्टी कोणत्या वारी, ड्यूटीवरून यायची वेळ काय, पडदा कधी सरकतो, सगळं बाईला ठाऊक होतं. विचारायची गरजच नव्हती तिला.

पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी जमिनीवर बसून फोन दोन्ही हातांत धरून फक्त 'थँक यू, थँक यू' म्हणत होते. माझे डोळे गळत होते, नाक गळत होतं, पदरानं पुसत होते. ती घाईत नव्हती. तिनं एक खुर्ची ओढली, पोरीच्या पलंगाशेजारी बसली, फोन कशाला तरी टेकवून ठेवला, म्हणजे मला ती आणि पोरगी दोघी एकाच वेळी दिसायला लागल्या. मग तिनं चष्मा वर सरकवला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि इतक्या महिन्यांत आमच्यातल्या कोणालाही तिनं विचारलेला तो पहिला खरा प्रश्न विचारला.

"तुमच्याकडं आता दुपार ना? जेवलात का तुम्ही?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग जेवा," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

मी उठले. ताट वाढून घेतलं, फोनपुढं मांडी घातली आणि जेवायला लागले. तिकडं तिनं आपला चहाचा मग उचलला. पोळी गार झाली होती. मी पोटभर जेवले. ती मधून मधून पोरीच्या कपाळावरची घडी बदलत होती, आणि आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.